डी मारियाला बाहेर का काढलं?

प्रश्न : २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाची फ्रान्सविरुद्धची फायनल अर्जेंटिनाने पेनल्टींवर मारली. तुम्ही पक्के अर्जेंटिनावाले, पण ते नशीबच होतं ना?

उत्तर : नशीब कसलं! प्रशिक्षक स्कालोनीने डी मारियाला डावीकडे उतरवलं, तिथेच निम्मं काम झालं. समोर फ्रान्सचा कुंडे, मूळचा सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू. त्याची तारांबळ उडाली. मदतीला मागे धावलेल्या डेम्बेलेने डी मारियाला पाडलं आणि २३व्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टी मारली. दुसरा गोल तर कितीही वेळा बघा : मेस्सीचा हलकासा स्पर्श, अल्वारेझचा पुढे पास, मॅक अ‍ॅलिस्टरची धाव आणि डावीकडून मोकळा आलेला डी मारिया. फ्रान्सचा प्रशिक्षक देशाँने मध्यंतराआधीच डेम्बेले आणि जिरू या दोघांना बदललं, आता बोला.

मात्र ६४व्या मिनिटाला डी मारियाला काढून अकुन्याला आणलं, ते मला आजही पटत नाही. कुंडेच्या मानेवरचं ओझंच उतरलं. मग ८०व्या आणि ८१व्या मिनिटाला एम्बापे, २-२!

नशीबच शोधायचं असेल, तर जादा वेळेच्या शेवटी, १२३व्या मिनिटात शोधा. फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आणि आमचा गोलरक्षक मार्टिनेझचा डावा पाय आडवा. तरी मी त्याला गोलरक्षणच म्हणेन.