सोलापूरहून गेल्यावर महाबळेश्वर-पाचगणीची ये-जा एसटीने होते का?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापूरहून चौघं निघणार, तुम्ही दोघं, ६८ वर्षांच्या आई आणि ९ वर्षांचा मुलगा. स्वतःची गाडी नाही. चार दिवसांत महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही बघायचंय, पण दोन गावांमध्ये दर वेळी टॅक्सीला पैसे घालायचे नाहीत.

एसटीने व्यवस्थित होतं. फक्त हॉटेल ठरवायच्या आधी एक गोष्ट पक्की करा: मुक्काम पाचगणीत ठेवा, महाबळेश्वरला नको. बहुतेक लोक उलट करतात आणि मग एसटीला नावं ठेवतात.

कारण सरळ आहे. ही दोन्ही गावं एकाच रस्त्यावर आहेत, मध्ये १९-२० किलोमीटर. पुणे, वाई आणि वाईमार्गे साताऱ्याहून येणाऱ्या गाड्या पसरणी घाट चढून आधी पाचगणीला येतात, मग महाबळेश्वरला. बहुतेक गाड्यांचा शेवट तिथेच होतो आणि त्याच गाड्या परत खाली उतरतात. म्हणजे पाचगणी हे मधलं गाव आणि महाबळेश्वर हे टोक. पाचगणीत राहिलात तर सकाळी खालून आलेल्या गाडीत चढायचं. ती थोडीफार भरलेली असेल, पण पाऊण तासाचा प्रश्न आहे आणि सकाळी अंगात जोर असतो. संध्याकाळी पाय दुखत असताना मात्र गाडी महाबळेश्वरच्या स्टँडवरूनच सुटणार, रिकामी फलाटाला लागणार, आणि आईंना खिडकीची जागा मिळणार. मुक्काम महाबळेश्वरला असेल तर संध्याकाळी तुम्ही पाचगणीच्या छोट्या स्टँडवर उभे राहणार आणि साताऱ्याहून किंवा पुण्याहून निघालेली, वाटेत कुठे किती अडकली ते कुणालाच ठाऊक नाही अशी भरलेली गाडी येण्याची वाट बघणार. शिवाय पाचगणीला वाईच्या १२ किलोमीटरवरच्या फेऱ्यांचा जादा आधार आहे, आणि त्या घाटात वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, जीपही चालतात. टोकाच्या गावाला तो आधार नाही.

आता सोलापूरहून जायचं कसं. सोलापूरच्या मुख्य स्टँडवरून सातारा गाडी धरा. पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा हा रस्ता आहे. साधारण सहा तास धरून चाला. सकाळी सातच्या आत निघालात तर दुपारी साताऱ्यात जेवून, ऊन उतरायच्या वेळेला पाचगणीत पोहोचता. दुपारची गाडी घेऊ नका. साताऱ्यात अंधार पडला की वर जाणाऱ्या फेऱ्या विरळ होतात आणि सामान, मूल, आई घेऊन तिथे खोळंबणं बरं नाही. आषाढी-कार्तिकीच्या आठवड्यात हा मार्गच टाळा. पंढरपुरात शिरायला वेळ लागतो, गाड्या बाहेरून वळवतात, आणि जिल्ह्यातल्या बऱ्याच गाड्या यात्रेसाठी काढून घेतल्याने नेहमीच्या फेऱ्या रद्द होतात.

आईंना सहा तास गाडीत बसवत नसेल किंवा वारंवार बाथरूमला जावं लागत असेल, तर पहाटेच्या रेल्वेने पुणं गाठणं चांगलं. पुणे स्टेशनवरून मेट्रो घ्या, जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकावर बदला आणि स्वारगेटला उतरा. स्वारगेट एसटी स्टँड शेजारीच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून पुण्यात सामान घेऊन रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची गरज उरलेली नाही. स्वारगेटहून महाबळेश्वरच्या गाड्यांना ऑनलाइन आरक्षण मिळतं, उतरण्याचं ठिकाण पाचगणी टाकायचं. बदल जास्त होतात, पण एकूण दगदग कमी.

साताऱ्याहून जाताना मात्र सगळ्यात मोठा घोळ पाटी नीट न वाचल्याने होतो. साताऱ्याहून महाबळेश्वरला दोन रस्ते आहेत. एक पाचवड-वाई-पाचगणीमार्गे, दुसरा मेढा आणि केळघर घाटातून. पाटीवर मोठ्या अक्षरात दोन्हीकडे 'महाबळेश्वर'च असतं, 'मार्गे' खाली बारीक. मेढामार्गेची गाडी पाचगणीला जातच नाही. त्यात बसलात तर थेट महाबळेश्वरला उतराल आणि तिथून सामानासकट २० किलोमीटर उलटं यावं लागेल. म्हणून चढताना कंडक्टरला 'महाबळेश्वर का?' असं विचारू नका, 'पाचगणी जाणार का?' असं विचारा. उत्तर चुकायची शक्यताच राहत नाही.

पसरणी घाट लहान आहे पण वळणं सलग आहेत, आणि सोलापूरच्या सपाट रस्त्यांची सवय असलेल्या मुलांना गाडी हमखास लागते. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांना मात्रा विचारून साताऱ्यातच द्या, वाईला दिलं तर उशीर झालेला असतो. मागच्या चाकाच्या मागच्या जागा टाळा, पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा, आणि साताऱ्यात पोटभर मिसळ नको.

रोजच्या ये-जाचा खर्च बघू. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर असतं, म्हणजे पाचगणी-महाबळेश्वर चार टप्पे. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ झाली आहे, त्यामुळे जुन्या लेखांतले आकडे सोडून द्या. साध्या गाडीला पूर्ण तिकीट चाळीस-पंचेचाळीस रुपयांच्या घरात धरा. त्यात पूर्ण तिकीट फक्त तुमचं. पत्नीला महिला सन्मान योजनेत निम्मं (१७ मार्च २०२३ पासून लागू). आईंना महिला म्हणून घ्या नाहीतर ज्येष्ठ म्हणून घ्या, निम्मंच, दोन सवलती एकत्र होत नाहीत. मुलगा ५ ते १२ मधला, त्याचंही अर्धं. चौघांचे मिळून अडीच तिकिटांचे पैसे, एका बाजूला शंभरच्या थोडं पुढे. कुणाच्या आई ७५ च्या पुढच्या असतील तर त्यांना तिकीटच नाही. आधार कार्ड जवळ ठेवा, वयाच्या सवलतीसाठी कंडक्टर बघतो. तिकिटाच्या मशीनवर यूपीआय चालतं, पण घाटात आणि दाट झाडीत रेंज जाते आणि मागे रांग खोळंबते. दहा-वीसच्या नोटा सोलापुरातूनच घेऊन निघा.

'आवडेल तेथे प्रवास'चा चार दिवसांचा पास कुणी सुचवेल. तो रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला परवडतो. तुमचा मोठा प्रवास फक्त जाता-येतानाचा, मधले दिवस वीस-वीस किलोमीटरचे. आणि निम्म्या तिकिटात जाणारी तिघं असताना पास काढणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे.

या रस्त्यावर गाडीचा खरा शत्रू वेण्णा तलाव आहे. तलाव महाबळेश्वरच्या अलीकडे, ह्याच रस्त्याच्या कडेला. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्या दोन्ही कडेला लागतात, रस्ता अरुंद होतो आणि एसटीसारखी रुंद गाडी तिथे अडकून पडते. याचा परिणाम तेवढ्या वेळापुरता राहत नाही. जी गाडी वर जाताना तासभर अडकली, तीच परतीची गाडी असते. त्यामुळे संध्याकाळी महाबळेश्वर स्टँडवर साडेपाचची गाडी लागलेली नसली की ती रद्द झाली असं समजून लोक टॅक्सीकडे धावतात, आणि वीस मिनिटांत गाडी येते. गर्दीच्या दिवसांत सकाळी नऊच्या आत वर पोहोचा आणि परतीला एकतर चारच्या आत निघा, नाहीतर गर्दी ओसरल्यावर, पण शेवटच्या गाडीच्या आदली गाडी धरून. सुट्ट्यांचे दिवस सोडून सोमवार ते गुरुवार गेलात तर यातलं काहीच लागणार नाही. जमत असेल तर तेच वार काढा.

शेवटच्या गाडीबद्दल चौकशी खिडकीवर दोन प्रश्न विचारायचे. शेवटची गाडी किती वाजता, हा एक. ती गाडी वर आली आहे का, हा दुसरा, आणि जास्त महत्त्वाचा. भिंतीवरचं वेळापत्रक जुनं असू शकतं, कंट्रोलरला मात्र कुठली गाडी कुठे आहे ते कळलेलं असतं. आली असेल तर निर्धास्त चहा घ्या. आली नसेल तर जी पहिली वाई किंवा सातारा गाडी लागेल तिच्यात बसा. अर्थात इथेही मेढामार्गेची सोडून. रात्री वर येऊन थांबणारी मुक्कामी गाडी पहाटे पहिली खाली उतरते, घरी लवकर पोहोचायचं असेल त्या दिवशी तिची वेळ आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

वाटेत उतरण्यासारखी ठिकाणं आहेत आणि इथे साधी लाल गाडी जलदपेक्षा कामाची. वेण्णा तलाव, लिंगमळ्याचा फाटा, मेटगुताड, गुरेघरची स्ट्रॉबेरीची बाग, पाचगणीजवळचा पारशी पॉइंट, ही सगळी ह्याच रस्त्यावर आहेत. चढतानाच तिकीट त्या थांब्याचं मागा. महाबळेश्वरचं तिकीट काढून मध्येच 'थांबवा' म्हटलं तर जलद गाडीचा कंडक्टर नकार देऊ शकतो, आणि तो त्याच्या नियमाने बरोबर असतो. मधून परत चढताना वळणावर हात दाखवू नका. थांब्याच्या पाटीपाशी, ड्रायव्हरला लांबून दिसाल असं उभं राहा. पुस्तकांचं गाव भिलार मुख्य रस्त्यापासून आत आहे. तिथे फाट्यापर्यंत एसटी आणि पुढे रिक्षा किंवा चालत, आईंसोबत रिक्षाच.

एसटी जिथे अपुरी पडते तेही स्पष्ट सांगतो. पॉइंटांवर नेहमीच्या गाड्या जात नाहीत. क्षेत्र महाबळेश्वर, आर्थर सीट, केट्स पॉइंट, लॉडविक हे सगळं टॅक्सीचं काम. महाबळेश्वर स्टँडजवळच टॅक्सी संघटनेचा दरफलक आहे, कुठले पॉइंट, किती तास, किती रुपये असा. फलक वाचून मगच बोला. चार दिवसांत एकच दिवस अशी टॅक्सी करा आणि सगळे लांबचे पॉइंट त्यात उरका. त्या दिवशीही पाचगणीहून टॅक्सी करू नका, एसटीने महाबळेश्वरला या आणि तिथून घ्या, चाळीस किलोमीटरचे पैसे वाचतात. सुट्ट्यांच्या दिवसांत महाबळेश्वर आगार दर्शन गाड्या सोडतं. त्या पुरेशी माणसं जमली तर निघतात, म्हणून आदल्या संध्याकाळी स्टँडवर चौकशी करून ठेवा. पाचगणीत टेबल लँडला कुठलंच वाहन लागत नाही, स्टँडपासून चालत चढता येतं. आईंसाठी मात्र चढ आहे, सकाळच्या थंडाव्यात जा.

प्रतापगडला जायचं असेल तर महाबळेश्वरहून पोलादपूर-महाडकडे जाणारी गाडी आंबेनळी घाटातून जाते. वाडाकुंभरोशीला उतरलं की गडाकडे वेगळा रस्ता चढतो. तो चढ आणि वर पायऱ्या, दोन्ही आईंना जड जाईल. परतीची गाडी वाडाकुंभरोशीला किती वाजता येते ते उतरतानाच कंडक्टरला विचारा, कारण त्या रस्त्याला फेऱ्या मोजक्या आहेत. पावसाळ्यात हा बेत सोडून द्या. जुलै २०२१ च्या पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी दरडींनी गिळला होता, आणि दर पावसाळ्यात तिथे काही ना काही पडतंच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडच्या कितीतरी पट. पावसाळ्यातच जाणार असाल तर केळघर घाटही नको, वाई-पसरणी हाच त्यातल्या त्यात भरवशाचा रस्ता.

कपड्यांचं एक सांगतो, कारण एसटीने फिरणाऱ्याला स्टँडवर उभं राहावं लागतं. सोलापुरात मे महिन्यात घामाने भिजलेला माणूस पातळ शर्टावर निघतो, आणि संध्याकाळी सातला महाबळेश्वरच्या स्टँडवर वारा सुटला की मुलं कुडकुडतात. डिसेंबर-जानेवारीत तर वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दवबिंदू गोठतात. स्वेटर हॉटेलवर ठेवू नका, पिशवीत ठेवा. एक चादर आईंच्या मांडीवर टाकायला घ्या, ती तर आपल्या घरचीच.

परतताना पाचगणीहून सातारा किंवा वाई गाडीने उतरा आणि साताऱ्यात सोलापूर गाडी पकडा. साताऱ्याला अकराच्या आत पोहोचाल असं निघा, म्हणजे जागा मिळाली नाही तरी पुढच्या गाडीची वाट बघता येते. सोलापूर थेट मिळाली नाही तर पंढरपूरच्या गाडीत बसा. पंढरपूर-सोलापूर ७०-७५ किलोमीटर आहे आणि त्या मार्गावर संध्याकाळी उशिरापर्यंत गाड्या असतात. पंढरपूरला चढताना मात्र आईंना आधी महिलांच्या किंवा ज्येष्ठांच्या राखीव जागेवर बसवा. कुणी आधीच बसलं असेल तर वाद न घालता कंडक्टरला सांगा, तो उठवून देतो.