"मॅडम, कला अंगातच असावी लागते ना?"

आठवीतल्या मुलीला घेऊन आलेल्या आईचा हा पहिलाच प्रश्न. "आमच्या घरात कुणाच्याच अंगात नाही. मग हिच्यात कुठून येणार?"

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. इथे मात्र मुलीनं स्वतःच पेन्सिल खाली ठेवली होती. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत तिला 'क' श्रेणी मिळाली, चुलतबहिणीला 'अ'. घरात कुणीतरी बोलून गेलं, "तिला देवानंच हात दिलाय." झालं. तेव्हापासून वही कपाटात.

मी ती वही मागवून घेतली. एकच मोर अकरा वेळा. आईला त्याचीच खंत, "नुसतं बघून काढते, मनाचं काही नाही." मी एकेक पान सावकाश बघितलं. सातव्या मोराच्या पायाशी कागद खोडून खोडून पातळ झाला होता. आठव्यापासून एक पाय पोटाशी दुमडलेला. पुस्तकातल्या मोराचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

"हा पाय कुठून आला गं?"

"आजीकडची कोंबडी अशी उभी राहते."

आई वहीकडे बघतच राहिली. मलाही भरून आलं, कारण एवढं बारीक बघणाऱ्या मुलीला आपण 'तुझ्यात नाही' असं कळवून बसलो होतो.

मग मी तिला विचारलं, विटेचा उपयोग कशाकशासाठी होईल? हा प्रश्न जे. पी. गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्यांमधला. सर्जनशीलतेचा अभ्यास नीट व्हायला हवा, हे त्यांनी १९५० साली अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात आग्रहानं मांडलं होतं. तिची पहिली उत्तरं सगळ्यांची असतात तीच : भिंत, चूल, विठोबाला उभं राहायला. मग ती अडली. आई सुचवायला पुढे झाली, मी हातानंच थांबवलं. मिनिटभरानं उत्तरं पुन्हा सुरू झाली. तापवून, फडक्यात गुंडाळून आजीची टाच शेकायला. कुटून पितळी भांडी घासायला. अशा चाचण्यांत वेगळ्या कल्पना बहुधा उशिरानेच येतात, म्हणून ते थांबणं मोलाचं. आणि तिची ही उत्तरं आजीच्या घरातून, बघून-अनुभवून आलेली होती.

जन्मतः फरक नसतोच, असं मी त्या आईला सांगितलं नाही. काही मुलांची नजर किंवा कान लहानपणापासून तल्लख असतात. पण एका मुलात उपजत किती आणि कमावलेलं किती, हे वेगळं काढून दाखवणारं माप माझ्याकडे नाही, आणि परीक्षेची श्रेणी तर ते माप नव्हेच. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकारानं 'काव्यप्रकाश' या ग्रंथात हाच प्रश्न कवितेच्या बाबतीत घेतला. शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा, निपुणता म्हणजे लोकव्यवहार, शास्त्रं आणि काव्यं बघून आलेली जाण, आणि जाणकाराकडून शिकून केलेला अभ्यास. या तिन्हींना मिळून तो काव्याचा एकच 'हेतु', म्हणजे कारण, म्हणतो, तीन वेगळे हेतू म्हणत नाही. मला हे फार पटतं.

परीक्षेत तिचे गुण मुख्यतः स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रात, गेले होते. विषय होता भाजीबाजार. तिनं मार्गदर्शक पुस्तिकेतला बाजार पाठ करून उतरवला होता. खऱ्या बाजारात ती आईच्या मागं पिशवी धरून जायची, थांबून कधी बघितलेलंच नव्हतं. म्हणून एवढंच ठरवलं : दर आठवड्याला बाजारात अर्धा तास एका जागी बसायचं, वही न उघडता. चित्र घरी येऊन काढायचं. आईनं 'छान' किंवा 'चुकलं' म्हणायचं नाही, फक्त "आज काय दिसलं?" विचारायचं. आईला हे जड गेलं, पण तिनं पाळलं.

दीड महिन्यानं दोघी आल्या. चित्रात माणसांची प्रमाणं अजून डळमळीत होती, एक हात तर गुडघ्यापर्यंत पोचलेला. पण उतारावर उभ्या हातगाडीच्या चाकाखाली काहीतरी तांबूस होतं. मी बोट ठेवलं.

"वीट आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी सांगायची राहिली."