लाईट गेल्यावर अ‍ॅक्टिव्हएमक्यू वर यायला अर्धा तास लागतो, डीबी.डेटा उडवू का?

तुम्ही म्हणताय देवगडच्या पॅकिंग हाऊसमध्ये वळवात लाईट गेली की अ‍ॅक्टिव्हएमक्यू (प्रोग्रॅममधले मेसेज रांगेत ठेवून पुढे देणारा ब्रोकर) परत उठायला अर्धा तास घेतं, आणि कोणीतरी डीबी.डेटा डिलीट करायला सांगितलंय. वेळ कमी करायला म्हणून अजिबात करू नका, उलट वाढेल.

काहाडीबीत, म्हणजे ब्रोकर मेसेज डिस्कवर साठवतो तिथे, मेसेज आधी डीबी-1.लॉग, डीबी-2.लॉग अशा फायलींत ओळीने लिहिले जातात, ती रोजकीर्द (जर्नल), आणि डीबी.डेटा ही त्यावरून केलेली खतावणी (इंडेक्स). खतावणी फाटली तर कीर्दीवरून परत मांडता येते, उलटं नाही होत. म्हणून डिस्क भरली तरी लॉग फायलींना हात लावायचा नाही, त्यात न उचललेले मेसेज असतात, गेले ते गेले. इंडेक्स करप्टची एरर येऊन ब्रोकर उठतच नसेल तर मात्र ब्रोकर बंद करा, आख्खा काहाडीबी फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, मग डीबी.डेटा आणि डीबी.रिडू (इंडेक्सचीच जोडफाईल) बाजूला काढून चालू करा. तो सगळ्या लॉग वाचून इंडेक्स नव्याने बांधतो, मध्येच वैतागून किल करू नका.

आता अर्धा तास का? चेकपॉइंट, म्हणजे इंडेक्स डिस्कवर पक्का लिहिणं, डिफॉल्टने दर 5 सेकंदांनी होतो आणि रिकव्हरी साधारण तिथून पुढचंच वाचते, म्हणजे नुसती लाईट गेली म्हणून एवढा वेळ लागायला नको. ब्रोकर स्वतःच्या कामाची नोंद लिहितो त्या लॉगमध्ये बघा (वरच्या डीबी लॉग फायली नव्हेत). 'रिकव्हरिंग फ्रॉम द जर्नल'च्या पुढे पहिल्याच फाईलचा नंबर दर वेळी दिसत असेल तर इंडेक्स दर वेळी नव्याने बनतोय, कोणा शहाण्याने स्टार्टअप स्क्रिप्टमध्येच डिलीट टाकून ठेवलंय का ते तपासा. पेजफाईलच्या (म्हणजे डीबी.डेटाच्या) फ्री लिस्टची, रिकाम्या पानांच्या यादीची, ओळ आली आणि तिथेच अडकलं तर डीबी.डेटा अवाढव्य झालीय, जुन्या व्हर्जनमध्ये ती पूर्ण वाचून होईपर्यंत ब्रोकर उठत नाही, नवीन व्हर्जनमध्ये हे काम मागे चालू राहतं, सो अपग्रेड करा. आणि फाईल लॉक आहे असं म्हणत असेल तर ती रिकव्हरीच नाही, जुनी प्रोसेस जिवंत आहे.

बहुतेक वेळा मूळ दुखणं साठलेल्या मालात असतं. एक लॉग फाईल 32 एमबीची, आणि तिच्यात एकसुद्धा मेसेज ॲक (मिळाल्याची पोच) न झालेला असला तरी ती आख्खी फाईल राहते. आमच्याकडे रत्नागिरीत मासळीच्या वजनकाट्याकडून कधीकधी वजनाचा रकाना रिकामा यायचा, कन्झ्युमर (मेसेज उचलणारा प्रोग्रॅम) एरर मारायचा, डिफॉल्ट 6 रिडिलिव्हरी झाल्या की मेसेज अ‍ॅक्टिव्हएमक्यू.डीएलक्यूमध्ये (न पोचलेल्या मेसेजची रांग), आणि तिथे कोणी बघायला जातंय! त्या मूठभर मेसेजपायी फायलींचा ढीग अडकलेला. तुमच्याकडे 8161 पोर्टवर वेब कन्सोल उघडून डीएलक्यूचा आकडा बघा, शिवाय बंद पडलेले ड्युरेबल सबस्क्रायबर (बंद असले तरी ज्यांचे मेसेज राखून ठेवले जातात ते) पण बघा, ते तर अजून वाईट, त्यांच्यासाठी मेसेज साठतच राहतात. कामाचे मेसेज काढून घ्या, बाकी पर्ज करा.

लाईटचं म्हणाल तर घरगुती इन्व्हर्टर सर्व्हरला काही कळवत नाही, बॅटरी संपली की खाडकन बंद. यूएसबीवाला यूपीएस घ्या आणि नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकून बॅटरी उतरली की ब्रोकर नीट बंद होईल असं लावा, आणि सिस्टमडीचा (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) स्टॉप टाइमआउट डिफॉल्ट 90 सेकंदांचा असतो, बंद व्हायला त्याहून जास्त लागत असेल तर वाढवा नाहीतर तोच किल मारेल. स्पीडसाठी जर्नल डिस्क सिंक (मेसेज लगेच डिस्कवर पक्का लिहिणं) बंद करा असं कोणी सुचवेल, सीझनच्या दिवसांत तरी ऐकू नका.