सेबीतून थेट विधानसभेत?

तुझं पत्र वाचलं. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहेस, बाबा 'सीए कर' म्हणून मागे लागलेत आणि तुझा बेत आहे तो आधी सेबी (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी संस्था) किंवा रिझर्व्ह बँक, नाव झालं की विधानसभा. आदर्श म्हणून तू अमेरिकेतले रिचर्ड कॉर्ड्रे निवडलेस. माणूस चांगला निवडलास, पण त्यांची गोष्ट मध्येच कुठून तरी वाचायला घेतलीस असं दिसतं.

तुला माहीत असलेला भाग असा: 2008 च्या आर्थिक संकटानंतर बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांवर ग्राहकांच्या बाजूने लक्ष ठेवण्यासाठी सीएफपीबी ही संस्था उभी राहिली. कॉर्ड्रे तिचे पहिले संचालक. ग्राहकांच्या नकळत खाती उघडली म्हणून 2016 मध्ये वेल्स फार्गो बँकेला या संस्थेने 10 कोटी डॉलरचा दंड ठोठावला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. नोव्हेंबर 2017 मध्ये त्यांनी पद सोडलं आणि लगेच ओहायो राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्रिपदासारखं पद.

2018 ची ती निवडणूक ते हरले. माइक डिवाइन जिंकले. एवढं नाव, एवढं काम, तरी.

आणि त्याच्या आधीचं बघ. 1990 मध्येच ते ओहायोच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले होते. 1992 मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची निवडणूक हरले, 1998 मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलची, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याची हरले, 2000 मध्ये सिनेटसाठी पक्षाची उमेदवारीही मिळाली नाही. मग ओहायोतल्याच फ्रँकलिन काउंटीचे (जिल्ह्यासारखा भाग) खजिनदार झाले. मालमत्ता कराची वसुली, थकबाकी, असलं रूक्ष काम. पुढे राज्याचे खजिनदार, मग ॲटर्नी जनरल आणि 2010 मध्ये पुन्हा पराभव, याच डिवाइन यांच्याकडून. त्यानंतर कुठे वॉशिंग्टन आणि सीएफपीबी! म्हणजे ते नियामक (कंपन्यांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) होऊन राजकारणात आले नाहीत. मुरलेला राजकारणी काही वर्षं नियामक झाला होता.

आपल्याकडचे चिंतामणराव देशमुख तुला कुणीतरी सांगेलच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि 1952 मध्ये कुलाबा जिल्ह्यातून (आजचा रायगड) लोकसभेवर. खरंय, पण मतं मागायला गेले तेव्हा ते देशाचे अर्थमंत्री होते.

आता तुझं. सेबीत किंवा रिझर्व्ह बँकेत असताना पक्षाचं काम करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. आधी राजीनामा. म्हणजे ज्या वयात मतदारसंघात माणसं जोडायची, ती वर्षं तू मुंबईत फायलींवर घालवणार. शिवाय पुढे निवडणूक लढवायचीय हे डोक्यात ठेवून कुणी एखाद्या कंपनीवर कारवाई करत असेल, तर मला तो अधिकारी नको. कॉर्ड्रे पदावर असतानाही विरोधक हाच संशय घेत होते.

म्हणून आत्ता एकच ठरव. नियामकाचं काम त्या कामासाठी आवडतंय का? आवडत असेल तर बाबांशी भांडू नकोस. सेबीच्या अधिकारी भरतीच्या ग्रेड ए परीक्षेत जनरल शाखेला नुसतं बी.कॉम. चालत नाही, पदव्युत्तर पदवी, कायदा, सीए असं काहीतरी लागतं. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी जनरलला मात्र 60 टक्क्यांची पदवी पुरते, वय 21 ते 30. सीएचा अभ्यास चालू ठेवून तीही देता येईल.

आणि ओढ खरी राजकारणाचीच असेल, तर नगरपालिकेची निवडणूक 21 व्या वर्षी लढवता येते. तुमच्या गावच्या पालिकेचं या वर्षीचं अंदाजपत्रक मिळव, वाच आणि त्यात काय खटकलं ते मला लिहून पाठव.