इम्प्लांटचा दात : वाचकांच्या शंका

प्रश्न : वय 56. खालची पहिली दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. एक डॉक्टर ब्रिज (शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला दात) सुचवतात, दुसरे इम्प्लांट (हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात). मधुमेह आहे, एचबीए1सी 8.9 आलंय. काय करावं? (सोलापूर)

उत्तर : आधी साखर. 8.9 वर हाडात स्क्रू बसवून घेऊ नका. जखम उशिरा भरते, जंतुसंसर्गाची भीती वाढते. फिजिशियनच्या मदतीने आकडा 7 च्या आसपास आणा. एचबीए1सी म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, त्यामुळे आजची उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून घाई करू नये. मिश्री, तंबाखू, सिगारेट यांपैकी काही असेल तर तेही सुटायला हवं.

शेजारच्या दोन्ही दाढा धडधाकट असतील तर ब्रिजसाठी त्या तासून घ्यायला आम्ही सांगणार नाही, तासलेलं कवच परत येत नाही. पण त्यांचं रूट कॅनाल झालेलं असेल आणि कॅप बसवायचीच असेल, तर ब्रिज हा चांगला आणि कमी खर्चाचा मार्ग आहे.

इम्प्लांट ठरलं तर सीबीसीटी स्कॅन (जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा एक्स-रे) करून घ्या. दाढ काढल्यावर वर्षभरातच तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते, आणि साध्या एक्स-रेत रुंदी दिसतच नाही. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यात आणि इम्प्लांटच्या टोकात किमान 2 मिमी अंतर हवं, नाहीतर अर्धा ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या किंवा इंजेक्शनं घेतली असतील, तर ती कितीही जुनी असोत, डॉक्टरांना सांगाच.

प्रश्न : ओळखीच्या एकांना तीन दिवसांत दात बसवून मिळाले. आमचे डॉक्टर तीन महिने थांबा म्हणतात. यात फेऱ्या वाढवण्याचा हेतू तर नाही ना? (नाशिक)

उत्तर : नाही. इम्प्लांटचं सगळं यश या थांबण्यात आहे. 1950 च्या दशकात स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोगानंतर टायटॅनियमचा भाग काढायला गेले, तर तो हाडाने धरून ठेवलेला! त्याच गुणावर 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले.

हाडात आधी 2 मिमीचं छिद्र पाडतात, मग एकेक जाड ड्रिल वापरून ते रुंद करतात. सलाइनची धार सतत चालू लागते, कारण हाड मिनिटभर 47 अंशांवर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात. बसवल्या दिवशी इम्प्लांट घट्ट वाटतं, पण ती पकड लाकडात पिळलेल्या स्क्रूसारखी असते. पुढच्या आठवड्यांत कडेचं जुनं हाड झिजतं आणि नवं अजून पुरतं तयार झालेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सर्वांत कच्ची असते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबल्याने माणूस त्या बाजूने चावायला लागतो. एक दशांश मिमीच्या आसपासची हालचाल वारंवार झाली, तरी भोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर धरतो आणि इम्प्लांट सुटतं. म्हणून खाली दोन-तीन महिने, वरच्या दाढेकडे हाड भुसभुशीत असल्याने चार-सहा महिने.

तीन दिवसांवाले दात खोटे नसतात. तिथे बहुधा अनेक इम्प्लांट एकाच पट्टीने जखडलेले असतात, त्यामुळे भार वाटला जातो. एकट्या दाढेला तो आधार नाही.

प्रश्न : इम्प्लांट असताना एमआरआय चालतो का? (ठाणे)

उत्तर : टायटॅनियमला चालतो. तंत्रज्ञाला आधी सांगा. जबड्याजवळचं चित्र थोडं पुसट येऊ शकतं.

प्रश्न : चार वर्षांपूर्वीचा इम्प्लांटचा दात हलतोय, पण दुखत नाही. थांबलं तर चालेल? (रत्नागिरी)

उत्तर : थांबू नका. खऱ्या दाताच्या मुळाभोवती संवेदना असलेल्या तंतूंचा बंध असतो, इम्प्लांटला तो नाही. त्यामुळे दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा हिशेब इथे लागत नाही.

हलतंय काय, ते आधी पाहावं लागतं. पुष्कळदा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो : कॅप किंचित फिरते, हिरडी मात्र चांगली असते. कॅपच्या माथ्यावर दाताच्या रंगाचा ठिपका दिसतो ना, ते बुजवलेलं छिद्र. त्याखालची पांढरी टेप काढून स्क्रू बदलतात किंवा कंपनीने ठरवलेल्या जोराने, मोजून, आवळतात. दुर्लक्ष केलं तर स्क्रू आत तुटतो. प्रत्येक कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर वेगळा, म्हणून कंपनी आणि मापाचं स्टिकर असलेलं कार्ड सोबत न्या. ते नसेल तर जिथे बसवलं तिथून मागवून घ्या.

इम्प्लांटच हलत असेल, तर ते काढून हाड भरू देणं आणि नंतर पुन्हा बसवणं, एवढाच मार्ग उरतो.

हिरडीतून रक्त किंवा पू येतो का, तेही बघा. कॅप चिकटवलेली असेल तर हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण हे नेहमीचं कारण. दुसरं कारण अडकलेलं अन्न. कॅप आणि शेजारच्या दाताच्या फटीत बसेल अशा मापाचा छोटा ब्रश घ्या, त्याच्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण हवं. रोज रात्री तो बाहेरून आत आणि आतून बाहेर चार-पाच वेळा फिरवा. ब्रशवर रक्त दिसलं तर सफाई थांबवू नका, आणि आठवड्यानंतरही दिसत राहिलं तर एक्स-रे काढून घ्या.