ठाण्यात सहा वर्षं राहूनही सुट्टीला मॉलशिवाय काही सुचत नाही. करण्यासारखं काही आहे का, आणि असलं तर कळतं कुठे?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, शनिवार आला की तिघंही मॉलमध्ये जाता, जेवता आणि चिडून घरी येता. मुलगी मोबाइलमध्ये असते. ॲपवर 'ठाण्यातील कार्यक्रम' शोधलं तर स्टँडअप आणि गार्डनमधला फूड फेस्टिव्हल, एवढंच येतं. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे कळतं कुठे, मला जास्त खरा वाटला. म्हणून आधी तोच घेते.

१९९६ला लग्न होऊन साताऱ्याहून नौपाड्यात आले तेव्हा माझीही हीच रड होती. घरात सासरे भाजीला म्हणून बाहेर पडत ते दीड तास परतत नसत. सासूबाई म्हणायच्या, "गेले पाट्या वाचायला." खरंच तेच करायचे. गडकरी रंगायतनच्या बाहेरचा नाटकांचा फलक, ग्रंथसंग्रहालयाच्या दारातला खडूने लिहिलेला फळा, देवळातला कागद. हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी, आणि हे शेवटच्या ओळीपर्यंत वाचतायत. घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने टिपायचे. मला तेव्हा हसू यायचं. आज ते कॅलेंडर मीच भरते.

ठाण्यातल्या बऱ्याच गोष्टी तिकीट विकायला बसलेल्या नसतात, त्यामुळे त्या ॲपवर येत नाहीत. त्यांचा वार ठरलेला असतो. विष्णुनगरात भगवती शाळेजवळच्या जिजामाता उद्यानात बुधवारी संध्याकाळी आचार्य अत्रे कट्टा भरतो. कुणीतरी येऊन आपल्या कामाबद्दल बोलतं, लोक प्रश्न विचारतात, पैसे नाहीत. जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते. महापालिकेचा पं. राम मराठे संगीत समारोह असतो. तोही फुकट. चांगला गायक ऐकायला आपण दादरला तिकीट काढून जातो आणि इथे खुर्च्या रिकाम्या, याची मला दरवर्षी चीड येते. तुम्हाला नाटकासाठी तलावपाळीच्या गडकरीपर्यंत यायचीही गरज नाही. मानपाड्याचं काशिनाथ घाणेकर नाट्यगृह तुमच्या वाटेवर आहे. तिकीटबारीवर जाऊन पुढच्या पंधरा दिवसांचा फलक वाचून या, फोनमध्ये फोटो काढा, झालं.

मीही एकदा ॲपला भुलले होते. आठशे रुपये भरून मातीकामाच्या कार्यशाळेला गेले. कुठल्या ते सांगत नाही. चाकं दोन, माणसं बावीस. दोन तासांत माझ्या वाट्याला सात मिनिटं आणि एक वाकडी पणती आली. ती अजून आहे, कापूर लावायला बरी पडते.

आता शनिवारी सकाळचं काही. गाडी घरी ठेवा, ठाणे स्टेशनला उतरा. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली होती, हे मुलीला शाळेत शिकवलेलंच असेल. पण सेंट्रल जेलच्या भिंतीची गोष्ट तिला कुणी सांगितली नसेल. हा मुळात पोर्तुगिजांचा किल्ला. १७३७मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांकडे गेला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी इथे कोंडलं होतं. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा, म्हणजे आपलं माणूस फितवायला नको. सांगतात ते असं, की खिडकीखाली एक मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, घोड्याला खरारा करता करता रोज मराठीत गाणी म्हणायचा. पळायचा सगळा बेत त्या गाण्यांत होता. गोऱ्या शिपायांना कळणार काय? सप्टेंबर १८१६मध्ये त्रिंबकजी पसार झाले. याच तुरुंगात १९१०मध्ये क्रांतिकारक अनंत कान्हेरेला फाशी दिलं. आत अर्थातच जाता येत नाही, भिंतीला वळसा घालायचा. माझा भाचा आठ वर्षांचा असताना तो मोतद्दार नेमकं काय गात असेल याच्या ओव्या रचत तलावपाळीपर्यंत आला होता. त्या सकाळी त्याने एकदाही फोन मागितला नाही.

तलावपाळीला एका अंगाला कौपिनेश्वर, दुसऱ्या अंगाला पोर्तुगीज काळातलं सेंट जॉन चर्च. तिथून जांभळी नाक्याचा बाजार. पावसाळ्याच्या तोंडाला आलात तर येऊरच्या आणि शहापूर-मुरबाडकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात. शेवळं घेतलीत तर बरोबर काकडं, म्हणजे त्यांची खाज मारणारी आंबट फळं, मागून घ्या, नाहीतर घसा खाजेल आणि शिव्या मला द्याल. भाजी कशी करायची ते विकणारीलाच विचारा, ती सांगते. मग मामलेदार कचेरीजवळची मिसळ. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, फुशारकी मारू नका. वाटेत सुभाष पथावर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३चं. तिथला फळा वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

तुमच्या बाजूला ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे, फुलपाखरांची. काचेच्या खोलीतली नव्हेत, मोकळी. तिथे सुरवंटांना लागणारी झाडं लावली म्हणून फुलपाखरं आली. रुईवर एक जात अंडी घालते, कढीपत्त्यावर आणि लिंबावर दुसरी. मुलीला हे कळलं की तुमच्या गॅलरीतला कढीपत्ता ती रोज उलटून पाहील. आम्ही एकदा शनिवारी सगळं लटांबर घेऊन गेलो आणि बंद गेटाचे फोटो काढून आलो. रविवारी सकाळी जायचं असतं. चूक आमचीच, विचारलंच नव्हतं. पाऊस सरताना गेलात तर सगळ्यात जास्त दिसतात. येऊरलाही सकाळीच जा. संध्याकाळी तिथे जंगल कमी आणि हॉटेलांच्या गाड्या जास्त.

हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५मध्ये झालं, २०२२मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला उतरून रिक्षाने वनखात्याच्या केंद्रावर जायचं, तिथून नाव निघते. नावेची वेळ रोज वेगळी, कारण खाडीत पुरेसं पाणी असेल तेव्हाच ती चालते. लोक इथेच वैतागतात. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशींनी मासे तोलता तोलता मला हिशेब शिकवला होता. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे भरतीची साधारण वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. पहाटे सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी, पुन्हा संध्याकाळी भरती. खाडीच्या आतल्या अंगाला थोडी उशिरा. पंधरवडा शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असतेच, म्हणजे कुठला रविवार सोयीचा ते घरबसल्या कळतं. मग केंद्राला फोन करून वेळ पक्की करा आणि जागा आधीच राखून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही.

मुलीचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. दहाच्या आत असेल तर आधी वाडी, पुढची असेल तर आधी त्रिंबकजी. कॉलेजात असेल तर तिला कशालाच नेऊ नका, तुम्ही दोघंच बुधवारी कट्ट्यावर या. मी मागच्या रांगेत असते, मेथीची पिशवी घेऊन.