वप्र, प्राकार आणि आपला वाफा

प्रश्न असा आहे: पाटलिपुत्राच्या तटाबद्दल वाचताना 'वप्र' आणि 'प्राकार' दोन्ही शब्द येतात. दोन्हींचा अर्थ तटबंदीच ना?

नाही. आणि आधी ते 'तटबंदीची भिंत' म्हणणं थांबवा. रोज कानावर येतं. तटबंदीत भिंत आलीच, मग हा पिवळा पीतांबर कशाला?

प्राकार म्हणजे बांधलेली भिंत. पुढे चला. खरी गंमत वप्रात आहे. कौटिल्य सांगतो, खंदकातून निघालेली माती चार दंड (दंड हे लांबीचं जुनं माप) आत टाका, सहा दंड उंच आणि त्याच्या दुप्पट रुंद रचा, हत्ती-बैलांकडून तुडवून घ्या, वर काटेरी झुडपं आणि विषवेली लावा. हा झाला वप्र. प्राकार उभा राहतो तो या मातीच्या डोक्यावर.

आता अमरकोश, म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश, उघडा. वप्र एकदा तटाच्या शब्दांत येतो आणि पुन्हा केदार, क्षेत्र यांच्या, म्हणजे शेताच्या पंगतीत. आपला 'वाफा' इथलाच! वाफा 'वप्' म्हणजे पेरणे यावरून आला, एवढं सांगून लोक मोकळे होतात. मला हे मुळीच पटत नाही. पेरणी अख्ख्या शेतात होते, मग अख्ख्या शेताला वाफा का म्हणत नाहीत? माती ओढून चारी कडांना बांध घातला की वाफा होतो. गादीवाफा तर सरळ मातीचा ओटाच. 'वप्'चा दुसरा अर्थ विखुरणे, टाकणे असा आहे. माझ्या मते वाफ्यात आधी ती टाकलेली माती आहे, बी नंतर. मेघदूतातल्या 'वप्रक्रीडे'तही हत्ती मातीच्या चढात दात खुपसतो. तिथे 'भिंतीला धडका' असं भाषांतर करणाऱ्यांनी हत्ती पाहिलेला नाही आणि वप्रही.

पाटलिपुत्राचं म्हणाल तर मेगॅस्थेनिस या ग्रीक वकिलाने ६४ दरवाजे आणि ५७० बुरूज सांगितलेला तट लाकडी होता. पाटण्यातल्या बुलंदीबागेच्या उत्खननात त्या लाकडाचे अवशेषही निघाले. कौटिल्य मात्र प्राकार लाकडाचा नकोच म्हणतो, कारण त्यात अग्नी टपून बसलेला असतो. तेव्हा त्या लाकडी तटाला कुणी 'वप्र' लिहिलं असेल तर खुशाल खोडा.